शंख देखणा, पण हात लावू नका!

सुट्टीत चार दिवस समुद्रकाठी जाऊन यायचं, हा आता पुष्कळ घरांतला रिवाजच झाला आहे. पूर्वी अलिबाग, मुरूड नाहीतर गणपतीपुळे एवढीच आपली धाव असे. आता कुणी अंदमानला जातं, कुणी लक्षद्वीपला, तर कुणाची लेक ऑस्ट्रेलियात असते म्हणून बाळंतपणाच्या निमित्तानं आई तिकडचाही समुद्र पाहून येते. पण किनारा कुठलाही असो, एक गोष्ट ठरलेली. मुलं वाळूत रमतात, आणि परत निघताना त्यांच्या खिशांतून, टोप्यांतून, झालंच तर आईच्या पर्समधून शंखशिंपल्यांचा खुळखुळाट ऐकू येतो. आपणही कौतुकानं म्हणतो, "अगबाई, काय सुरेख रंग आहेत!" आणि एखादा शंख तळहातावर घेऊन निरखायला लागतो.

मैत्रिणींनो, या कौतुकात नव्व्याण्णव वेळा काही बिघडत नाही. पण शंभराव्या वेळी बिघडू शकतं, आणि तेही जिवावर बेतेल इतकं. समुद्रात एक गोगलगाय अशी आहे, की जिचा शंख पाहून हात पुढे झाल्याशिवाय राहात नाही, आणि हात पुढे करणं हीच मोठी चूक ठरते. तिची ओळख प्रत्येक आईला असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

रूपाचा दिमाख

हिला शंकूगोगलगाय म्हणू या, कारण हिचा शंख हुबेहूब शंकूसारखा असतो. आईस्क्रीमचा कोन डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. एका टोकाला रुंद, दुसरीकडे निमुळता होत गेलेला, आणि बाजूनं उभी लांबट फट. शास्त्रज्ञ या कुळाला 'कोनस' म्हणतात. जगातल्या उष्ण समुद्रांत हिच्या सातशेहून अधिक जाती आहेत. कुणाच्या अंगावर ठिपके, कुणाच्या अंगावर पट्टे, तर कुणावर तपकिरी-सोनेरी त्रिकोणांची अशी दाट नक्षी, की एखाद्या उंची साडीचा पदरच वाटावा. या शेवटच्या जातीला इंग्रजीत 'सोन्याचं वस्त्र' अशा अर्थाचं नावच पडलं आहे.

या रूपानं मोठमोठ्यांना वेड लावलं. रेम्ब्रांट या थोर डच चित्रकारानं १६५० साली अशाच एका शंखाचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. गंमत अशी, की छापल्यावर चित्र उलटं उमटतं हे ध्यानात घेऊन सही त्यानं बरोबर उलटी कोरली, पण शंख उलटा कोरायचा राहून गेला. त्यामुळे छापील चित्रातल्या शंखाचे वेढे चुकीच्या दिशेनं गेलेले दिसतात! पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस एका डच संग्राहकाच्या पश्चात त्याच्या वस्तूंचे लिलाव झाले. त्यात व्हर्मीरच्या एका चित्राला ४३ गिल्डर आले, आणि या कुळातल्या एका दुर्मीळ शंखाला २४३! ते चित्र आज अनमोल समजलं जातं.

या साऱ्या बहिणींत सर्वांत घातक जी, तिचं नाव 'कोनस जिओग्राफस'. फिकट अंगावर तपकिरी रंगाचे असे काही आकार असतात, की भूगोलाच्या पुस्तकातला नकाशाच. म्हणून हे नाव. हिची लांबी दहा ते पंधरा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताएवढी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत, पोवळ्यांच्या खडकांत ती राहते. आपल्याकडे अंदमान आणि लक्षद्वीपच्या समुद्रातही ती आहे. दिवसा वाळूत नाहीतर पोवळ्यांच्या आडोशाला दडून बसते, आणि अंधार पडला की शिकारीला निघते.

किसणीची झाली सुई

आता तुम्ही म्हणाल, गोगलगाय ती गोगलगाय, आणि शिकार कसली करणार? आपल्याकडे तर 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हणच आहे. पण ही म्हण या बाईंना अगदी शोभून दिसते, बरं का!

आपल्या बागेतली गोगलगाय पानं कशी खाते, ठाऊक आहे? तिच्या तोंडात बारीक बारीक दातांची एक पट्टी असते. आपल्या खोबरं किसायच्या किसणीची आठवण व्हावी अशी. त्या पट्टीनं ती पान खरवडून खाते. शंकूगोगलगायीच्या बाबतीत लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत त्या किसणीचं रूपच पालटलं. एकेक दात लांब झाला, गुंडाळी होऊन आतून पोकळ झाला, आणि त्याच्या टोकाला माशाच्या गळासारखा आकडा आला. म्हणजे डॉक्टरांची इंजेक्शनची सुई आणि कोळ्याचा भाला, दोन्ही एकातच!

असे कितीतरी दात एका पिशवीत तयार ठेवलेले असतात. शिकार जवळ आली, की त्यांतला एक सोंडेच्या टोकाशी येतो. शरीरात वळ्या घालून बसलेली विषाची लांबलचक नळी असते, आणि तिच्या शेवटी पिचकारीच्या फुग्यासारखा एक स्नायू. तो आवळला गेला, की विष दातातून थेट शिकारीच्या अंगात. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सारं घडतं. एकदा वापरलेला दात ती पुन्हा वापरत नाही. दर वेळी नवी सुई! आपण दवाखान्यात फार उशिरा शिकलो ती गोष्ट हिला जन्मतःच येते.

एवढं जहाल विष हिला लागतं कशाला, याचंही कारण आहे. ही चालणार सावकाश, आणि जेवायला हवा मासा. डसल्यावर मासा दहा हात जरी लांब पोचला, तरी तो हिच्या हातचा गेलाच. म्हणून मासा जागच्या जागी लुळा पडला पाहिजे. तसा तो पडतो, अवघ्या काही क्षणांत.

साखर उतरवणारी शिकारीण

या नकाशावाल्या गोगलगायीची आणखी एक करामत आहे. रात्री खडकाच्या कपारीत लहान मासे झोपलेले असतात. ही हळूच तिथे येते आणि आपलं तोंड एखाद्या घोळदार पिशवीसारखं पसरते. गंमत अशी, की मासे पळून जात नाहीत. गुंगी आल्यासारखे तरंगत राहतात, आणि ती त्यांना आरामात पिशवीत घेते. मग आतल्या आत एकेकाला डंख. काही तासांनी हाडं, खवले आणि वापरलेले दात तेवढे बाहेर टाकून देते.

मासे पळत का नाहीत, याचा उलगडा २०१५ साली झाला. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या हेलेना सफावी-हेमामी या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांना या गोगलगायीच्या विषात चक्क इन्शुलिन सापडलं. तेही गोगलगायीच्या स्वतःच्या इन्शुलिनसारखं नव्हे, माशांच्या इन्शुलिनसारखं! ही बया ते पाण्यात सोडते असं त्यांचं म्हणणं आहे. माशांच्या रक्तातली साखर एकदम उतरते आणि ते सुस्त होतात. २०२४ साली याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. साखर उतरली की ती परत वर आणायची सोय शरीरात असते. हिच्या विषातला दुसरा एक घटक ती सोयच बंद पाडतो. एकीनं दिवा मालवायचा आणि दुसरीनं काड्यापेटी लपवायची, असा हा प्रकार.

ज्यांच्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, त्यांना माशांची ही अवस्था परकी वाटणार नाही. सासऱ्यांनी इन्शुलिन टोचून घेतलं आणि जेवायला उशीर झाला, तर काय होतं? घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, माणूस भांबावल्यासारखं करतं. साखर उतरल्याचीच ही लक्षणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला घालावं. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तडक इस्पितळ गाठावं.

माणसाला डसते तेव्हा

ही गोगलगाय माणसाच्या मागे लागत नाही, हे आधी सांगायला हवं. माणूस तिला उचलतो, मुठीत धरतो, खिशात टाकतो, तेव्हा ती स्वतःला वाचवायला डसते. २०१४ साली तर शास्त्रज्ञांना असं आढळलं, की शिकारीसाठी एक विष आणि स्वसंरक्षणासाठी दुसरं, अशी तिच्याकडे वेगवेगळी तजवीज असते. त्यांतलं हे दुसरं माणसाला फार महाग पडतं.

याची जुनी हकीगत रुम्फियस नावाच्या निसर्गअभ्यासकानं लिहून ठेवली आहे. डच कंपनीच्या नोकरीत तो आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर राहात असे. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्यानं काम सोडलं नाही. त्याचं शंखशिंपल्यांवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली छापून निघालं. त्यात बांदा बेटांवरच्या एका गुलाम स्त्रीची गोष्ट आहे. समुद्रात जाळं ओढता ओढता तिनं असा एक शंख उचलून हातात धरला. किनाऱ्याकडे येताना हाताला जराशी खाज सुटली, ती दंडापर्यंत चढली, अंगभर पसरली, आणि बिचारी तिथेच गेली. दिवसभर राबणाऱ्या त्या बाईला तो शंख देखणा वाटला, एवढाच काय तो तिचा अपराध. तिचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही.

दुसरी घटना १९३५ सालची, ऑस्ट्रेलियाच्या हेमन बेटावरची. सत्तावीस वर्षांच्या एका धडधाकट तरुणानं नकाशाचा शंख तळहातावर धरला आणि वरची साल चाकूनं खरवडायला लागला. आतून डंख बसला. दुखलं मुळीच नाही, नुसती किंचित बधिरता. दहा मिनिटांनी ओठ जड झाले. वीस मिनिटांनी डोळ्यांना एकाचे दोन दिसायला लागले. अर्ध्या तासात पाय लुळे पडले, तासाभरात शुद्ध हरपली, आणि पाच तासांत सारं संपलं.

मैत्रिणींनो, यातली 'दुखलं नाही' ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. विंचू चावला तर मूल किंचाळतं, सगळं घर धावतं. इथे पुष्कळदा मूल तसं काही सांगणारच नाही. फार तर म्हणेल, "आई, हाताला मुंग्या आल्या गं." आपण म्हणणार, "थांब जरा, जाईल." आणि त्या थांबण्यातच मोलाचा वेळ जायचा.

अशा मृत्यूंची जगभरातली नोंद तीसेकच्या घरात आहे. त्यांतले बहुतेक याच नकाशावाल्या जातीच्या नावावर. म्हणजे उगाच घाबरून समुद्रावर जाणं सोडावं, असं मुळीच नाही. पण या विषावर उतारा म्हणून लस अजून निघालेली नाही, हेही खरं. हे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. डॉक्टरांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास देऊन तेवढे तास निभावून नेले, तर विष उतरतं आणि रोगी वाचू शकतो. म्हणून इस्पितळ लवकर गाठणं हेच खरं औषध.

विषातून औषध

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा नावाचे एक फिलिपिनो शास्त्रज्ञ. लहानपणी शंख गोळा करायचा छंद. अमेरिकेत शिकून ते मायदेशी मनिलाला परतले, तर प्रयोगशाळेत उपकरणांचा ठणठणाट! तिकडचं काम इथे करणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी विचार केला, आपल्याजवळ जे मुबलक आहे त्यावरच काम करावं. संसारात आपण नाही का, डब्यात जे असेल त्यातून चार पदार्थ करत? त्यांच्याकडच्या समुद्रात या विषारी गोगलगायी भरपूर होत्या.

या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या लुर्देस क्रूझ या संशोधिका. पुढे फिलिपिन्सनं त्यांना 'राष्ट्रीय शास्त्रज्ञ' हा किताब दिला, आणि २०१० साली स्त्री-शास्त्रज्ञांसाठीचा आंतरराष्ट्रीय लॉरियाल-युनेस्को पुरस्कारही त्यांना मिळाला. विष म्हणजे एकच एक पदार्थ नसून शेकडो घटकांचं मिश्रण आहे, आणि प्रत्येक घटकाचं काम वेगळं आहे, हे या मंडळींनी दाखवून दिलं. एखाद्या गोडा मसाल्यासारखंच म्हणा ना! एका घटकानं तर मजाच केली. तो उंदराच्या मेंदूत टोचला, की दोन आठवड्यांखालची पिल्लं गाढ झोपी जात, आणि मोठे उंदीर उलट सैरावैरा धावत सुटत.

ऑलिव्हेरा पुढे युटा विद्यापीठात गेले. तिथे मायकेल मॅकिन्टॉश या नुकत्याच कॉलेजात आलेल्या पोरानं 'कोनस मॅगस' या जातीच्या विषातून एक घटक वेगळा काढला. वेदनेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, तो हा घटक वाटेतच अडवतो. प्रयोगशाळेत त्याची हुबेहूब नक्कल बनवली गेली, आणि २००४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सरकारनं तिला औषध म्हणून मान्यता दिली. झिकोनोटाइड हे तिचं नाव. कॅन्सरसारख्या दुखण्यात, जिथे मॉर्फिनही पुरं पडत नाही, तिथे ते देतात. मॉर्फिनसारखं त्याचं व्यसन लागत नाही. पण ते पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात बारीक पंपानं सोडावं लागतं आणि त्याचे दुष्परिणामही असतात. त्यामुळे ते निवडक रोग्यांनाच देता येतं.

आणि ते इन्शुलिन? माणसाच्या इन्शुलिनचे कण सहा-सहाच्या घोळक्यानं राहतात. टोचल्यावर घोळका सुटायला वेळ लागतो, म्हणून जेवणाआधी थांबावं लागतं. गोगलगायीचं इन्शुलिन तसा घोळका करत नाही, त्यामुळे ते चटकन लागू पडतं. हे गुपित २०१६ साली उलगडलं. त्यावरून धडा घेऊन २०२० साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्शुलिनचंच एक छोटं रूप तयार केलं आणि ते उंदरांवर गुणकारी ठरलं. दुकानात मिळणारं औषध अजून त्यातून झालेलं नाही. तेव्हा 'समुद्री शंखाचं भस्म मधुमेहावर' असं कुणी सांगत आलं, तर विश्वास ठेवू नका आणि डॉक्टरांनी दिलेलं इन्शुलिन बंद करू नका.

एवढं लक्षात ठेवा

१. पाण्यातला किंवा ओल्या वाळूतला शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका. आत जीव आहे की नाही हे वरून कळत नाही. तो आत दडून बसलेला असतो.

२. 'रुंद बाजूनं धरलं तर काही होत नाही' हा गैरसमज आहे. तिची सोंड लांब होते आणि मागेही वळते. कापडाच्या पिशवीतून, खिशातून, पातळ हातमोज्यातूनही डंख बसू शकतो.

३. मुलांना जाताना प्रवासातच सांगा: आधी आईला दाखवायचं, मग हात लावायचा.

४. डंख बसलाच, तर जखम कापू नका, तोंडानं चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. मुरगळलेल्या पायाला बांधतो तसं रुंद बँडेज जरा घट्ट गुंडाळा, आणि हात फळीला बांधून हलू देऊ नका. माणसाला चालवू नका. लगेच इस्पितळात न्या.

५. श्वास थांबतोय असं वाटलं, तर इस्पितळ येईपर्यंत तोंडानं श्वास देत राहा. ज्या कुणाला हे येत असेल त्याला हाका मारा.

६. देवघरातला शंख, सारीपाटाच्या कवड्या, बाजारातल्या तिसऱ्या आणि खुबे यांना यातलं काही लागू नाही. शोकेसमधला रिकामा शंखही निरुपद्रवी.

तरीही तो शोकेसमधला शंख विकत घेताना जरा विचार करा. रिकामा शंख दुकानात येतो तो बहुधा आतला जीव मारूनच. २०१३ साली या कुळातल्या ६३२ जातींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यांतल्या ६७ जाती धोक्यात किंवा धोक्याच्या उंबरठ्यावर निघाल्या. आपल्या देशात 'ग्लोरी ऑफ इंडिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शंकूगोगलगायीला २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. तिचा शंख बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो, मग तो दुकानदारानं कितीही गोड बोलून गळ्यात मारलेला असो. असह्य वेदनेवरचं एक औषध या कुळानं आपल्याला दिलं. आणखी किती औषधं त्या विषाच्या नळीत आहेत, ते जाती उरल्या तरच कळणार.

तेव्हा पुढच्या सुट्टीत समुद्रावर जाल, तेव्हा वाळूत असा एखादा नकाशाचा शंख दिसला, तर मुलांना जवळ बोलवा, दोन हात अंतरावर उकिडवे बसा, डोळे भरून बघा, हवं तर फोटो काढा. आणि मग त्याला तिथेच राहू द्या.